चौकोनी कंसात कीवर्ड आर्ग्युमेंट: आपल्या भाषेत ही सोय कशी आणावी

तीन अक्षांच्या अ‍ॅरेमधून एखादे मूल्य काढण्यासाठी तापमान[३, ०, ७] असे लिहिले, तर यांपैकी कोणता आकडा वेळेचा, कोणता अक्षांशाचा आणि कोणता रेखांशाचा, हे त्या ओळीवरून कळत नाही. हीच माहिती फंक्शनला द्यायची असती, तर वेळ=३, अक्षांश=०, रेखांश=७ अशी ती नावानिशी देता आली असती. गोल कंसात जे चालते ते चौकोनी कंसात का चालू नये, हा प्रश्न त्यामुळे अनेक भाषांच्या रचनाकारांपुढे आला आहे. सी-शार्पमध्ये २०१० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून इंडेक्सरला नावानिशी आर्ग्युमेंट देता येतात. स्विफ्टमध्ये सबस्क्रिप्टला लेबले असतात. ज्युलिया आणि रूबी या भाषांतही चौकोनी कंस कीवर्ड, म्हणजे असे नावानिशी दिलेले आर्ग्युमेंट, स्वीकारतात. पायथनमध्ये मात्र पेप ४७२ (पेप म्हणजे त्या भाषेतील बदलाचा औपचारिक प्रस्ताव) हा २०१४ चा प्रस्ताव २०१९ मध्ये फेटाळला गेला, आणि त्याच दिशेने अधिक काटेकोरपणे लिहिलेला २०२० चा पेप ६३७ हाही २०२१ मध्ये नामंजूर झाला.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: स्वतःची छोटी भाषा किंवा इंटरप्रिटर लिहिताना ही सोय द्यावी असे ज्यांना वाटते ते, आणि पायथनमध्ये लायब्ररी लिहिताना आहे त्या व्याकरणातच तिचे काम भागवावे लागणारे. व्याकरणात बदल करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अडचण येते ती इंडेक्सिंगमागे, म्हणजे चौकोनी कंसाने घटक गाठण्यामागे, वाचणे, लिहिणे आणि काढून टाकणे अशा तीन क्रिया असतात, आणि जुना कोड न मोडता तिन्हींचा अर्थ एकाच वेळी ठरवावा लागतो म्हणून.

उदाहरणांतील नावे आणि अंक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात, पण कोडमधील संख्या आणि भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात.

## पहिली पायरी: कीवर्ड नेमके कशासाठी हवेत ते ठरवा

नावानिशी इंडेक्स मागणाऱ्यांच्या मनात सहसा दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या एकत्र झाल्या की पुढचे सर्व निर्णय डळमळीत होतात. पहिल्या प्रकारात कीवर्ड जागा सांगतो. तापमान[वेळ=३, रेखांश=७] यात दोन्ही नावे मिळून अ‍ॅरेतील स्थान ठरते आणि नावांचा क्रम बदलला तरी स्थान बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात कीवर्ड रीत सांगतो. स्विफ्ट ४ मध्ये डिक्शनरीला मिळालेले लेबल याचे उत्तम उदाहरण आहे: मोजणी[अक्षर, डिफॉल्ट: ०] += १ असे लिहिले की ते अक्षर डिक्शनरीत नसेल तर शून्यापासून सुरुवात होते. येथे डिफॉल्ट हा कळ (की), म्हणजे ज्यावरून डिक्शनरीत मूल्य शोधले जाते, तिचा भाग नव्हे, तर कळ न सापडल्यास काय करावे याची ती सूचना आहे.

जागा सांगणारा कीवर्ड वाचणे, लिहिणे आणि काढणे या तिन्ही क्रियांत सारखाच अर्थ देतो. रीत सांगणाऱ्याचे तसे नाही. अंतर[५, एकक="मैल"] हे वाचताना मैलांत रूपांतर करून उत्तर द्यावे, हे उघड आहे. अंतर[५, एकक="मैल"] = २ या ओळीचा अर्थ, दिलेले मूल्य मैलांत आहे असे समजून साठवावे, असा लावता येतो. पण त्याच अभिव्यक्तीपुढे काढून टाकण्याची आज्ञा लिहिली, तर एककाला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून आपल्या मनातील प्रत्येक उपयोग कागदावर लिहून तो तिन्ही क्रियांत वाचून पाहावा. एकाच क्रियेत ज्याला अर्थ आहे, त्यासाठी साधी मेथड पुरते, आणि माझ्या मते तीच बरी. चौकोनी कंसांचा खरा लाभ तेथेच आहे जेथे समान चिन्हाच्या डाव्या बाजूला लिहिण्याची गरज पडते, कारण फंक्शन कॉल डाव्या बाजूला ठेवता येत नाही. तापमान.निवड(वेळ=३) = ५ ही ओळ पायथनमध्ये सिंटॅक्स एरर आहे.

## दुसरी पायरी: आजचे वर्तन तंतोतंत लिहून काढा

भाषा अगदी नवी असेल, तर इंडेक्सिंग म्हणजे विशेष नावाची एक मेथड आणि कंसातले घटक म्हणजे तिचे आर्ग्युमेंट, असे मानून मोकळे व्हावे. सी-शार्प, स्विफ्ट आणि रूबी यांनी तेच केले असल्यामुळे त्यांच्याकडे पुढच्या पायरीतील अडचण उद्भवतच नाही. पायथनच्या धर्तीची भाषा असेल, तर मात्र पुढील नोंदी समोर असायला हव्यात.

```
तक्ता[१]        →  तक्ता.__गेटआयटम__(१)
तक्ता[१, २]     →  तक्ता.__गेटआयटम__((१, २))
तक्ता[(१, २)]   →  तक्ता.__गेटआयटम__((१, २))
तक्ता[१,]       →  तक्ता.__गेटआयटम__((१,))
तक्ता[२:५]      →  तक्ता.__गेटआयटम__(स्लाइस(२, ५, नन))
तक्ता[]         →  सिंटॅक्स एरर
```

पायथनमध्ये कंसात कितीही घटक लिहिले, तरी मेथडच्या हाती एकच वस्तू पडते. एकच घटक असेल तर तो जसाच्या तसा जातो, आणि स्वल्पविराम आला की टपल, म्हणजे अनेक मूल्यांचा क्रमबद्ध गट, तयार होते. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतील फरक मेथडला कधीच कळत नाही, जरी फंक्शन कॉलमध्ये ह्याच दोन लेखनांचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. स्लाइस म्हणजे २:५ सारखा पल्ला. तिची तिसरी संख्या व्याकरणात पायथन १.४ पासून आहे, आणि असा विस्तारित इंडेक्स आला तोच मुळी संख्यात्मक अ‍ॅरेंच्या गरजेतून. तेव्हा टपल करणे सोयीचे होते. त्यावर आज इतका कोड उभा आहे, की आता ते बदलण्याचा विचार कोणी गंभीरपणे करणार नाही.

## तिसरी पायरी: नुसतेच कीवर्ड आले तर इंडेक्सच्या जागी काय जाईल

माझ्या दृष्टीने संपूर्ण रचनेतला कळीचा निर्णय हाच आहे. तक्ता[१, क=५] याचे भाषांतर सहज होते: इंडेक्स १ आणि कीवर्ड क. तक्ता[१, २, क=५] यात इंडेक्स (१, २) ही टपल. पण तक्ता[क=५] मध्ये इंडेक्स आहेच कोठे? मेथडचा पहिला पॅरामीटर तर भरायलाच हवा.

एक पर्याय असा की काहीच पाठवू नये. मग प्रत्येक वर्गाला आपल्या मेथडमध्ये इंडेक्ससाठी डिफॉल्ट मूल्य लिहावे लागते. लिहिणाऱ्या मेथडमध्ये तर ते अधिकच अवघड होते, कारण तिथे इंडेक्सनंतर साठवायचे मूल्य येते, आणि मधला पॅरामीटर वगळता येत नाही. दुसरा पर्याय नन, म्हणजे 'काहीच नाही' दाखवणारे मूल्य, पाठवण्याचा. तो पहिल्या नजरेत निरुपद्रवी दिसतो, पण नमपाय या पायथनच्या अ‍ॅरे-लायब्ररीमध्ये इंडेक्स म्हणून नन दिले की अ‍ॅरेला नवा अक्ष जोडला जातो, म्हणजे त्या मूल्याला आधीच ठरलेला अर्थ आहे. शिवाय डिक्शनरीत नन ही वैध कळ असते. तिसरा पर्याय खास या कामासाठी एक चिन्ह-वस्तू निर्माण करण्याचा. तो संदिग्ध नाही, पण प्रत्येक लायब्ररीला ती वस्तू आयात करून तपासावी लागते.

पेप ६३७ ने चौथा मार्ग घेतला: पोझिशनल, म्हणजे नावाशिवाय केवळ क्रमाने दिलेला, इंडेक्स नसेल तेव्हा रिकामी टपल पाठवायची. दोन घटक असले की दोनांची टपल जाते, मग शून्य घटक असताना शून्यांची टपल जाणे तर्काला धरून आहे. नमपायमध्ये अ‍ॅरे[()] याचा अर्थ 'कोणत्याही अक्षावर बंधन नाही' असाच होतो, म्हणून अक्षांना नावे देणाऱ्या लायब्ररीला हा संकेत नैसर्गिक वाटतो. याची किंमत एवढीच, की तक्ता[(), क=५] आणि तक्ता[क=५] यांत फरक करता येत नाही. ज्याला रिकामी टपल कळ म्हणून खरोखर वापरायची आहे, असा वापरकर्ता विरळाच, त्यामुळे ही किंमत मला मान्य होण्यासारखी वाटते.

रिकाम्या कंसाचा प्रश्न याच निर्णयाला चिकटून येतो. तक्ता[] ही चूकच राहू द्यावी, कारण ते बहुधा टंकनदोषातून आलेले असते. पण तक्ता[**पर्याय] असे लिहिले आणि पर्याय ही डिक्शनरी कार्यक्रम चालताना रिकामी निघाली, तर पार्सरला, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाला, ते आधी कळणे शक्य नाही. तेथे रिकामी टपल पाठवून पुढे जावे. तसेच एकघटकी टपल आणि कीवर्ड दोन्ही हवे असतील, तर तक्ता[(१,), क=५] असे कंस स्पष्ट लिहावे लागतील, कारण तक्ता[१, क=५] यातील स्वल्पविराम घटक वेगळे करणारा आहे, टपल घडवणारा नव्हे. ही गोष्ट दस्तऐवजात ठळकपणे लिहावी, कारण वापरणारा येथे हमखास अडखळतो.

## चौथी पायरी: व्याकरण

सी-शार्प आणि स्विफ्ट नावानंतर अपूर्णविराम वापरतात. आपल्या भाषेत अपूर्णविराम स्लाइससाठी घेतलेला असेल, तर तो मार्ग बंद आहे आणि समान चिन्ह हाच पर्याय उरतो. स्लाइसला कीवर्डचे मूल्य म्हणून परवानगी द्यावी, म्हणजे तापमान[वेळ=२:५] चालावे, कारण अक्षांना नावे देण्याचा अर्धा उपयोग त्यातच आहे. पेप ६३७ मध्येही तशी मुभा होती. या नियमात नाव आणि समान चिन्ह आधी वाचावे, आणि उरलेला भाग स्लाइस म्हणून वाचावा.

हाताने लिहिलेल्या रिकर्सिव्ह डिसेंट पार्सरमध्ये कंसातील प्रत्येक घटकाच्या आरंभी दोन टोकन (कोडमधील सुटे शब्द किंवा चिन्हे) पाहावी लागतात: नाव, आणि त्याच्या लगेच पुढे एकेरी समान चिन्ह. दुहेरी समान चिन्ह आणि अभिव्यक्तीतील असाइनमेंटचे चिन्ह ही टोकनायझरने आधीच वेगळी ओळखलेली असावीत. पायथन ३.१० पासून तक्ता[क:=१] हे जादा कंसांशिवाय वैध आहे, आणि एका अपूर्णविरामाच्या फरकाने तक्ता[क=१] याचा अर्थ पूर्ण बदलावा, हे अशा रचनेतले एक कुरूप टोक आहे. त्यावर उपाय नाही. एकाच टोकनापर्यंत पाहणारा पार्सर असेल, तर आधी पूर्ण अभिव्यक्ती वाचावी, नंतर समान चिन्ह दिसल्यास ती अभिव्यक्ती म्हणजे नुसते नाव आहे का हे तपासावे.

कीवर्डनंतर पोझिशनल घटक आला तर त्रुटी द्यावी, तसेच तेच नाव दोनदा आले तरीही. सिंटॅक्स ट्रीमध्ये, म्हणजे पार्सर कोडवरून बनवतो त्या झाडासारख्या रचनेत, इंडेक्सच्या नोडला कीवर्डची वेगळी यादी जोडावी. ती इंडेक्सच्या अभिव्यक्तीतच कोंबण्याचा मोह टाळावा, नाहीतर ट्री वाचणारे प्रत्येक साधन नव्या आकाराशी झगडत बसते.

## पाचवी पायरी: तिन्ही क्रिया आणि मूल्यमापनाचा क्रम

वाचण्याची क्रिया आधी पूर्ण करून बाकीच्या दोन नंतर पाहू, असे ठरवले तर बहुतेक वेळा दुसरी अडकते. रूबीने डिसेंबर २०२४ मधील ३.४ आवृत्तीत इंडेक्स-असाइनमेंटमधील कीवर्ड आर्ग्युमेंट व्याकरणातूनच काढून टाकले, वाचताना मात्र ते चालू ठेवले. एका परिपक्व भाषेला हे पाऊल उचलावे लागले, यावरून डाव्या बाजूचा प्रश्न किती निसरडा आहे ते लक्षात यावे.

पहिला धोका नावांच्या टकरीचा आहे. लिहिणाऱ्या मेथडचे पॅरामीटर सहसा स्वतः, इंडेक्स आणि मूल्य असे असतात. वापरणाऱ्याने तक्ता[१, मूल्य=३] = ४ असे लिहिले, तर मूल्य या पॅरामीटरला दोन आर्ग्युमेंट मिळतात आणि कार्यक्रम न समजणारी त्रुटी देऊन थांबतो. भाषेत फक्त पोझिशनल पॅरामीटर घोषित करण्याची सोय असेल, जशी पायथनमध्ये ३.८ पासून तिरकस रेषेने करता येते, तर हे तिन्ही पॅरामीटर तसेच घोषित करावेत. ती सोय नसेल तर पॅरामीटरची नावे अशी निवडावीत की जी कोणी कीवर्ड म्हणून लिहिणार नाही.

दुसरा धोका += सारख्या वाढीव असाइनमेंटचा. पुढील ओळ पाहावी.

```
तक्ता[मोजा(), क=शोधा()] += १
```

येथे मोजा आणि शोधा ही दोन्ही फंक्शन प्रत्येकी एकदाच चालली पाहिजेत. म्हणजे कंपायलरने आधी कंटेनर, मग इंडेक्स, मग कीवर्डची मूल्ये डावीकडून उजवीकडे काढून स्टॅकवर ठेवावीत, त्या तिन्हींची प्रत घेऊन वाचन करावे, बेरीज करावी आणि मूळ तिन्हींसह लेखन करावे. या ओळीचे वाचन आणि लेखन अशा दोन स्वतंत्र ओळींत सरळ रूपांतर करणारा कंपायलर शोधा हे फंक्शन दोनदा चालवतो, आणि ही चूक साध्या चाचण्यांत दिसत नाही, कारण साध्या चाचण्यांत कीवर्डचे मूल्य स्थिरांक असते.

वेगाचा विचारही येथेच करावा. इंडेक्सिंग ही कोणत्याही कार्यक्रमात सर्वाधिक चालणाऱ्या क्रियांपैकी एक आहे. कीवर्ड नसलेल्या इंडेक्सिंगची आज्ञा जशी आहे तशी ठेवून कीवर्डसाठी वेगळ्या बाइटकोड आज्ञा योजाव्यात, म्हणजे नवी सोय न वापरणाऱ्याला तिची झळ लागत नाही.

## सहावी पायरी: कीवर्ड न समजणाऱ्या वस्तू

यादी, डिक्शनरी, स्ट्रिंग या अंगभूत प्रकारांनी कीवर्ड दिसताच स्पष्ट टाइप एरर द्यावा, आणि त्रुटीच्या संदेशात त्या कीवर्डचे नाव असावे. डिक्शनरीने मात्र कीवर्ड निमूटपणे कळीचा भाग मानावा, अशी सूचना कोणीतरी करतेच. ती नाकारावी.

स्वतःच्या वर्गात सर्व कीवर्ड गोळा करणारा पॅरामीटर लिहिणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग आहे. तापमान[वेळ=३] ऐवजी तापमान[वेल=३] असे टंकले गेले, आणि मेथडने अनोळखी नावाकडे दुर्लक्ष केले, तर संपूर्ण अ‍ॅरे परत येतो आणि पुढची गणिते विनातक्रार चुकत जातात. अपेक्षित नावे एक एक करून लिहावीत. अक्षांची नावे चालत्या कार्यक्रमातच कळणार असतील, तर अनोळखी नावाला त्रुटी देणारी तपासणी मेथडच्या पहिल्या ओळीत असावी.

दुसऱ्या वस्तूकडे इंडेक्सिंग पुढे सरकवणारे आवरण-वर्ग हाही मोठा गट आहे. ते फक्त एक इंडेक्स घेतात आणि तोच पुढे देतात, त्यामुळे आतल्या वस्तूला कीवर्ड समजत असले तरी बाहेरून ते पोहोचत नाहीत. भाषा बदलून हे सुटत नाही. प्रत्येक आवरण हाताने दुरुस्त करावे लागते, आणि पेप ६३७ सारख्या प्रस्तावाची खरी किंमत मोजताना हे काम धरले पाहिजे. ज्या भाषेचे वापरकर्ते मोजके आहेत, तिला ते परवडते. लाखो ओळींचा जुना कोड असलेल्या भाषेने नकार दिला तर त्यात मला नवल वाटत नाही.

## पायथनमध्ये आज काय करता येईल

प्रस्ताव फेटाळला गेला तरी त्यातला एक छोटा भाग वेगळ्या वाटेने भाषेत आला: पेप ६४६ मुळे पायथन ३.११ पासून चौकोनी कंसात तारांकित विस्तार चालतो, म्हणजे तक्ता[*जागा] लिहिता येते. कीवर्ड मात्र नाहीत. त्यांच्या जागी प्रचलित असलेले काही मार्ग पुढे दिले आहेत.

एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी वाचण्यासाठी सेल आणि आयसेल या मेथड देते, आणि लिहिण्यासाठी कंसात डिक्शनरी घेते, जसे तापमान[डिक्ट(वेळ=३)] = ५. दिसायला ओबडधोबड असले तरी हे स्पष्ट आहे. कोणी स्लाइसचा गैरवापर करून तापमान["वेळ":३] असेही लिहितात. स्लाइस कोणत्याही वस्तू स्वीकारते म्हणून हे चालते, पण मग खरी स्लाइस मूल्य म्हणून देता येत नाही, आणि वाचणारा 'वेळ'पासून तीनपर्यंतचा पल्ला शोधत राहतो. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

मला सर्वांत उपयुक्त वाटतो तो नावाच्या टपलचा मार्ग. अक्षांच्या क्रमाने एक नेमडटपल घडवावी, आणि प्रत्येक घटकाचे डिफॉल्ट मूल्य पूर्ण स्लाइस ठेवावे. डिफॉल्ट देण्याची ही सोय पायथन ३.७ पासून आहे.

```
अक्ष = नेमडटपल("अक्ष", ["वेळ", "अक्षांश", "रेखांश"],
               डिफॉल्ट्स=[स्लाइस(नन)] * ३)

तापमान[अक्ष(वेळ=३)]
तापमान[अक्ष(रेखांश=स्लाइस(१०, २०), वेळ=३)] = ०
```

नेमडटपल ही शेवटी टपलच असल्यामुळे साधा नमपाय अ‍ॅरे तिला नेहमीचा बहुअक्षीय इंडेक्स म्हणून स्वीकारतो. कोणताही नवा वर्ग लिहावा लागत नाही. नावे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, चुकीच्या नावाला जागीच टाइप एरर मिळतो, आणि वाचणे व लिहिणे या दोन्ही क्रिया एकाच अभिव्यक्तीने होतात. हीच युक्ती डिक्शनरीच्या कळींसाठीही चालते, पण घटकांत स्लाइस असेल तर पायथन ३.१२ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते, कारण त्याआधी स्लाइस हॅश करता, आणि म्हणून कळीत वापरता, येत नव्हती.

वापरताना दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. तीन अक्षांची ही टपल दोन अक्षांच्या अ‍ॅरेला दिली, तर न लिहिलेल्या अक्षांच्या पूर्ण स्लाइसही मोजल्या जातात आणि इंडेक्स जास्त झाल्याची त्रुटी येते, म्हणून अक्षांच्या प्रत्येक संचासाठी वेगळी नेमडटपल ठेवावी. आणि अ‍ॅरेचे अक्ष कोठे अदलाबदल केले गेले असतील, तर नेमडटपलला त्याचा पत्ता नसतो. नावे जुन्या क्रमानेच लागतात, त्रुटी येत नाही, आणि उत्तर दुसऱ्याच अक्षावरून येते. ट्रान्सपोज करणाऱ्या प्रत्येक फंक्शनने म्हणून अ‍ॅरेबरोबर त्याला साजेशी नेमडटपलही परत करावी.